अंगठ्याने दाबून धरलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे आणि पुरता वैतागलेला आहे. मी कमरेचा पट्टा नाही, दप्तराचाही नाही. बीपी मोजताना डॉक्टर तुमच्या आजीच्या दंडाला जो गुंडाळतात आणि फुसफुस हवा भरून फुगवतात, तो मी.

बीपीचे यंत्र म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ती गोल तबकडी येते आणि तिच्यावर थरथरणारा काटा येतो. सगळा मान त्या काट्याला! अहो, पण दंड आवळतो कोण? मी. मी नीट बसलो तर काटा खरे बोलतो, मी नीट बसलो नाही तर तोच काटा बिनदिक्कत थापा मारतो. इतकी साधी गोष्ट आहे. पण ती एका शिकलेल्या, हुशार, मनाने चांगल्या माणसाच्या डोक्यात शिरायला इतकी वर्षे लागली की ऐकून तुम्हीही कपाळावर हात मारून घ्याल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड निळे कापड, त्याच्या पोटात रबराची पिशवी, पिशवीला दोन नळ्या आणि टोकाला वेल्क्रो. सगळे शिवून झाल्यावर एका यंत्राने माझ्या अंगावर दोन पांढऱ्या रेघा छापल्या. मला दंडाभोवती गुंडाळले की माझी कड या दोन रेघांच्या मध्ये आली पाहिजे. आली तर मी त्या दंडाचा. नाही आली तर दुसरा पट्टा आणावा. त्यासाठीच तर माझे दोन भाऊ माझ्याबरोबर तयार झाले होते. थोरला जाड दंडांसाठी, धाकटा लहान मुलांसाठी आणि मी मधला. मधल्याचे काय होते ते घरात मधले असणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या डॉक्टरांनी दुकानातून मला एकट्यालाच उचलले आणि आलेला प्रत्येक दंड माझ्या गळ्यात मारला.

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर बाके, आत टेबल, तपासायचा पलंग आणि एक गोल स्टूल. बाहेर नावे पुकारायला डॉक्टरांची थोरली बहीण बसे. तिला सगळे ताई म्हणत आणि डॉक्टरांपेक्षा तिलाच जास्त घाबरत. सुरुवातीचे दिवस सोन्यासारखे होते. डॉक्टर नवे होते, वेळ भरपूर होता. ते पेशंटला थोडे बसू देत, बाही वर करायला सांगत, माझ्यातली हवा अगदी सावकाश सोडत. "काय हलक्या हाताचे डॉक्टर आहेत!" असे एक आजी म्हणाल्या होत्या. तेव्हा मला वाटले, आपले नशीब उघडले.

कसले उघडले! बाहेरची बाके भरू लागली आणि आत घाई शिरली. बाही वर करायला वेळ लागतो, म्हणून बाहीवरूनच गुंडाळा. माणूस जिना चढून धापा टाकत आला, तरी बसल्या बसल्या मोजा. त्या गोल स्टुलाला पाठ नाही, म्हणून पेशंट पोक काढून बसलेला, पाय लोंबकळत असलेले. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे डॉक्टरांच्या गप्पा. "मुलीचं कॉलेज काय म्हणतंय?" अहो, बोलता बोलता माणसाचा आकडा चढतो! पण डॉक्टरांचा स्वभाव प्रेमळ, त्यांना सगळ्यांची मुलेबाळे तोंडपाठ. प्रेमाने विचारत आणि चुकीचे मोजत.

आता अंगठ्याचे सांगतो. जाड दंडाला मी पुरत नसे. वेल्क्रो जेमतेम टोकाला चिकटायचा आणि हवा भरली की चर्रकन सुटायचा. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? मोठा पट्टा आणील. आमच्या डॉक्टरांनी काय केले? सुटणाऱ्या टोकावर अंगठा दाबून धरला! बाकीच्या बोटांनी स्टेथोस्कोप धरायचा, दुसऱ्या हाताने हवा भरायची. ही कसरत त्यांना इतकी सफाईने जमू लागली की त्यांना तिचा अभिमानच होता. तोकड्या पट्ट्याने जाड दंड आवळायला जास्त जोर लागतो आणि काटा तो जोर बीपी म्हणून दाखवतो. म्हणजे माणसाचे बीपी असते त्यापेक्षा जास्त दिसते. हे डॉक्टरांना माहीत नव्हते का? होते हो! चांगले माहीत होते. हेच तर माझे दुखणे आहे.

ते कसे, ऐका. डॉक्टरांना आपला परवाना अधूनमधून नवा करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी इतके तास नवे शिकलो असे दाखवावे लागते. म्हणून आमचे डॉक्टर रविवारी व्याख्यानांना जात. येताना एक पिशवी, एक पेन आणि पोटभर जेवणाची सुस्ती घेऊन येत. ताईच्या टेबलावर त्या पेनांची जुडी झाली होती. एकदा मी चुकून त्यांच्या बॅगेतच राहिलो आणि त्यांच्याबरोबर सभागृहात गेलो. गारेगार खोली, दिवे मंद केलेले, भिंतीवर भराभर सरकणारी चित्रे. आणि विषय कोणता? बीपी कसे मोजावे!

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वक्त्याने सगळे सांगितले. पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, बाही काढा, पाच मिनिटे शांत बसू द्या, दंडाच्या मापाचा पट्टा घ्या. आमचे डॉक्टर शेवटच्या रांगेत होते. अर्धा वेळ मान डोलवत होते आणि अर्धा वेळ त्यांची मान आपोआपच डोलत होती. शेवटी टाळ्या वाजवल्या, बाहेर येऊन एका मित्राला म्हणाले, "अगदी खरं आहे. लोक बीपी नीट मोजतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट आला. बाहीवरून, स्टुलावर, गप्पा मारत, अंगठा लावून! ये रे माझ्या मागल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी मला तोंड असते ना, तर मी डॉक्टरांना कडकडून चावलो असतो.

एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसलो असतो. पण आमच्याकडे एक रंगारीकाका येत. माणूस मोठा गमत्या. "डॉक्टर, तुमच्या भिंतीला माझ्यापेक्षा जास्त औषधाची गरज आहे," असे दर वेळी म्हणायचे. जन्मभर हात डोक्याच्या वर उंचावून छते रंगवल्याने त्यांचे दंड असे झाले होते की माझी कड रेघांच्या जवळपासही फिरकत नसे. डॉक्टर अंगठा लावत, काटा वर चढे.

"काका, एकशे साठ! गोळी घेता ना रोज?"

"घेतो की. पण डॉक्टर, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"बीपीच आहे ते. एक गोळी वाढवू."

गोळी वाढली, चक्कर वाढली. पुढच्या खेपेला काकू बरोबर आल्या. त्या आत शिरल्या त्याच बोलत. "डॉक्टर, काल शिडीवरून घसरले हे. खालच्याच पायरीवर होते म्हणून बरं. आता उंच इमारतीचं काम घेतलंय, बाहेरच्या भिंतीचं. दोराने टांगलेल्या फळीवर उभं राहायचं असतं. जाऊ देऊ का यांना? मला तर घास गिळवत नाही."

"हिचं काही ऐकू नका," काका म्हणाले. "शिडीच ओली होती."

डॉक्टरांनी मला गुंडाळले. मी चर्रकन सुटलो. मी आणखी काय करणार? माझ्याकडे तेवढाच एक आवाज आहे! डॉक्टरांनी अंगठा दाबला, काट्याने थाप मारली आणि डॉक्टर काळजीने म्हणाले, "अजून ताब्यात नाही आलं. आणखी एक गोळी देतो. बीपी उतरलं की चक्कर जाईल."

मित्रांनो, माझा जीव नुसता कासावीस झाला. काकांचे बीपी कधीच उतरले होते! गोळ्यांनी ते इतके उतरले होते की उभे राहिले की डोक्याला रक्त पुरत नव्हते, म्हणून चक्कर येत होती. आणि त्या चक्करेवर उपाय काय, तर आणखी गोळ्या. काकू पिशवीत गोळ्या टाकून गेल्या. उंच फळीवर चक्कर आली तर खालची पायरी नसते, एवढेच माझ्या मनात घोळत राहिले.

त्याच आठवड्यात डॉक्टरांना आणखी एका शिबिराचे बोलावणे आले. बोलावणारी बाई त्यांच्याच कॉलेजची, त्यांना दोन वर्षे ज्युनिअर. तिचा आवाज बारीक म्हणून तेव्हा सगळे तिला चिमणी म्हणत. तिने निरोप दिला होता की रोज वापरता तेच बीपीचे यंत्र बरोबर आणा.

"बीपी मोजायला शिकवणार म्हणे मला!" डॉक्टर ताईजवळ करवादले. "आणि कोण, तर चिमणी. उद्या नाक पुसायला शिकवेल."

"तास मिळतात ना?" ताई म्हणाली. "मग मुकाट्याने जा."

गेलो. मी तर आशाच सोडली होती. पण खोलीत शिरलो आणि बघतो तर पडदा नाही, चित्रे नाहीत, मंद दिवे नाहीत. नुसत्या खुर्च्या मांडलेल्या. चिमणी म्हणाली, "आज मी काही सांगणार नाही. रोज दवाखान्यात मोजता तसंच एकमेकांचं बीपी मोजा. मी फक्त तुमच्या हातांकडे बघणार आहे."

अहाहा! इतक्या वर्षांत कुणीतरी हातांकडे बघणार होते!

आमच्या डॉक्टरांसमोर एक आडदांड हाडांचे डॉक्टर येऊन बसले. मला गुंडाळले, हवा भरली, मी चर्र केले. आणि सवयीने अंगठा आला, काटा एकशे बावन्नवर थांबला. चिमणी शेजारीच उभी होती.

"सर, तो अंगठा कशाला?"

"निसटतो ना पट्टा."

"का निसटतो?"

"वेल्क्रो जुना झालाय."

काय? माझा वेल्क्रो? हा शुद्ध खोटा आळ होता! मी रागाने लाल झालो असतो, पण रंगाने निळा आहे. चिमणीने मला सोडवून स्वतःच्या बारीक दंडाला गुंडाळले आणि हवा भरली. मी जागचा हललो नाही.

"वेल्क्रो ठीक आहे, सर," ती म्हणाली. मग तिने मला उलटे धरून त्या दोन पांढऱ्या रेघा दाखवल्या. डॉक्टरांनी चष्मा वर केला, वाकून पाहिले आणि विचारले, "या रेघा पहिल्यापासून होत्या?"

मित्रांनो, पहिल्यापासून होत्या!

चिमणीने माझ्या थोरल्यासारखाच एक मोठा पट्टा काढला. हाडांच्या डॉक्टरांना खुर्चीला पाठ टेकवून, बाही काढून, शांत बसवले. माझ्यावर एकशे बावन्न आले होते. आता आले एकशे तीस.

"अरे, म्हणजे मला बीपी नाहीच!" ते खूश होऊन ओरडले आणि सगळे हसले. आमचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. थोड्या वेळाने त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, "आणि अशा माणसाला तीन गोळ्या चालू असतील तर?"

"तर तो पडेल, सर," चिमणी म्हणाली. "असं कुणी आहे का?"

डॉक्टर उठून बाहेर गेले आणि त्यांनी ताईला फोन लावला. ताईने काकूंना विचारून लगेच उलट फोन केला. काका सकाळीच कामावर गेले होते. त्याच उंच इमारतीवर. फोन घरीच विसरले होते.

चिमणीने मोठा पट्टा त्यांच्या हातात कोंबला. "पळा, सर. बाकीचं नंतर बघू."

मी गळ्यात लोंबकळत, थोरला मुठीत, असे आम्ही त्या इमारतीखाली पोचलो. वर पाहिले तर काका फळीवर बसून रंगाचा डबा ढवळत होते. खालून ते मुठीएवढे दिसत होते. डॉक्टर ओरडले, "काका! उभे राहू नका! बसल्या बसल्या खाली या!"

"डॉक्टर? तुम्ही इथं?" असे म्हणून काका नेमके उभे राहायला लागले.

"बसा म्हणतो ना!" डॉक्टर असे किंचाळले की रस्त्यावरची माणसे थांबली. काका गपकन खाली बसले. मुकादम तणतणत आला. "साहेब, अंधार पडायच्या आत दुसरा हात मारायचाय. काम असं अर्ध्यात थांबवता येत नाही."

"फळी खाली घ्या. सगळी जबाबदारी माझी," डॉक्टर म्हणाले.

दोर करकरत फळी खाली येऊ लागली. इतक्या सावकाश, की तेवढ्यात माझ्या रबराचे पाणी पाणी झाले. शेवटी फळी जमिनीला टेकली. काका हसत उठले, एक पाऊल टाकले आणि भेलकांडले. डॉक्टरांनी एका बाजूने आणि मुकादमाने दुसऱ्या बाजूने धरले म्हणून ते तोंडावर आपटले नाहीत. मुकादम एकदा वर बघे, एकदा काकांकडे बघे.

मग रंगाच्या रिकाम्या डब्यावर काकांना बसवले. पाठ भिंतीला, पाय जमिनीवर, हात दुसऱ्या डब्यावर. पाच मिनिटे कुणी बोलायचे नाही. डॉक्टरांनीच "काका, मुलगा काय..." अशी सुरुवात केली आणि जीभ चावली. मग थोरल्याला गुंडाळले. त्याची कड बरोबर रेघांच्या मध्ये आली. अंगठ्याचे काही कामच उरले नाही. काटा एकशे दहावर थांबला. काकांना धरून उभे केले आणि पुन्हा मोजले, तर तो शंभराच्याही खाली गेला.

डॉक्टर काकांसमोर धुळीतच बसले. "काका, चूक माझी आहे. मी तोकड्या पट्ट्याने मोजत होतो, म्हणून बीपी जास्त दिसत होतं. तुम्हाला इतक्या गोळ्या लागतच नव्हत्या."

काकांना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे मी गरगरत होतो ते तुमच्या गोळ्यांनी?"

"हो."

"मी घरी म्हणत होतो, आता म्हातारा झालो. धाकट्याला म्हटलं, शिक्षण पुरे, माझ्या जागी कामाला लाग." डॉक्टर खाली मान घालून बसले. मग काका हातावरचा रंग पुसत म्हणाले, "हे सगळं माझ्या बायकोला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

डॉक्टरांनी सांगितले. काकूंनी दवाखान्यात येऊन असे काही झाडले की ताईने उठून मधले दार लावून घेतले. पण डॉक्टरांच्या बाजूने ती एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशी दोन गोळ्या बंद झाल्या, आणि काका पुन्हा तपासून होईपर्यंत जमिनीवरून हात पोचेल तेवढेच रंगवायचे ठरले.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट, डॉक्टर सुधारले. डोंबल! मोठा पट्टा विकत आणला, खिळ्यावर टांगला. नव्याचे नऊ दिवस झाले. मग एका सकाळी बाके तुडुंब भरली, एक जाडजूड आजोबा आले, थोरला खिळ्यावर होता, मी टेबलावर होतो. डॉक्टरांनी मलाच ओढले. चर्र! आणि अंगठा आला. अरे देवा, एवढे रामायण झाल्यावरही!

पण त्या दिवशी कोपऱ्यात चिमणी बसलेली होती. "मी येऊन नुसती बघत बसेन," असे तिने आपला मोठा पट्टा परत नेताना सांगितलेच होते. ती फक्त खाकरली. डॉक्टरांचा अंगठा हवेतच थांबला. ते ओशाळून म्हणाले, "डोक्याला कळलंय गं, हाताला कळत नाही."

"म्हणूनच पुन्हा येणार आहे," ती म्हणाली.

ती पुन्हा आली, पुन्हा पुन्हा आली. गोल स्टूल गेले, पाठीची खुर्ची आली. पेशंटला आत पाठवण्याआधी शांत बसवायचे काम ताईने घेतले. ताईने "गप्प बसा" म्हटल्यावर बोलायची कुणाची छाती आहे? नंतर तर आमचे डॉक्टरच दुसऱ्यांच्या दवाखान्यांत जाऊन कोपऱ्यात बसू लागले. रविवारची व्याख्याने अजून होतात, पेनेही येतात. नुसते ऐकून हात बदलत नाहीत, हे मात्र आता निदान एका डॉक्टरांना तरी कळले आहे. आणि मी? मी आता माझ्या मापाच्याच दंडांवर बसतो. वेल्क्रो अजून शाबूत आहे, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

रंगारीकाकांना आता एकच गोळी पुरते. उभे राहिल्यावर बीपी घसरत नाही, याची खात्री करूनच डॉक्टरांनी त्यांना फळीवर जाऊ दिले. धाकटा कॉलेजात जातो. काका तपासायला येतात तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी विचारतात, "डॉक्टर, आज कोणता पट्टा?" पहिल्यांदा डॉक्टरांचे कान लाल झाले होते. आता ते न बोलता थोरल्याच्या रेघा काकांना दाखवतात आणि मगच हवा भरतात.

मित्रांनो, तुम्हीही विचारा. बाबांच्या दंडाला कुणी मला गुंडाळले, की माझी कड रेघांच्या मध्ये आली का ते बघा आणि खुशाल म्हणा, "डॉक्टर, हा पट्टा बाबांना पुरतो का?" चांगला डॉक्टर रागावणार नाही. आणि रागावलाच, तर थोडे थांबून पुन्हा विचारा. कारण उद्या त्या उंच फळीवर डॉक्टर उभे राहणार नाहीत, तुमचे बाबा उभे राहणार आहेत.